कामाचे तास

आमच्या तेलुगू विणकरांच्या गल्लीत बाई किती तास काम करते आणि पुरुष किती, याचा सर्व्हे मी करत होते. पहिल्याच घरी अंबादासला बायकोचं विचारलं.

"ती कुटं काम करती? घरीच बसून असती की."

आतून विडीची पानं कापायचा आवाज येत होता. मी शून्य लिहिलं. कात्री थांबली. डोकावले, तर सुपात अर्धी वळलेली विडी होती, बाई नव्हती.

चौथ्या घरीही शून्य लिहिताच आतली कात्री थांबली, तशी मी माझ्या घराकडं पळाले. तिथला फॉर्म सर्व्हेतला माझा सहकारी भरत होता.

"ती? नुसती दारोदार हिंडत असती," नवरा सांगत होता. सहकाऱ्यानं शून्य लिहिलं.

"अहो, खोडा ते!" मी दारातून ओरडले.

दोघांनी दाराकडं बघितलं.

"कुणी न्हाय," नवरा म्हणाला. "लिवा पुढं."