उसने चाक

आयडा पॅस्कोचा हात मागच्या चाकापाशी येऊन थांबला. छत्तीस स्पोकांपैकी तेहेतीस काळवंडलेले होते आणि एकमेकांशेजारचे तीन लखलखीत. ते तीन तिनेच जूनमध्ये नातीच्या, ब्रॉनीच्या, गाडीला बसवले होते.

ही गाडी मात्र नातीची नव्हती. ती क्लेम टिंडलची होती, आणि वार्षिक तपासणीत पास झाल्याची गुलाबी चिठ्ठी हाती पडण्याची वाट पाहत क्लेम चहाचा मग घेऊन आयडाच्या गॅरेजच्या दारात उभा होता.

निमिटाबेल गावात अशा चोवीस मोटरसायकली होत्या. टपालखात्याने त्या लिलावात काढल्या तेव्हा गावाने एकगठ्ठा घेतल्या होत्या. सगळ्या लाल, सगळ्या एकाच साच्यातल्या, एकीचा कोणताही भाग दुसरीला बसणारा. नोंदणीही सगळ्यांची एकाच वेळी, ऑगस्टात, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात संपे. या गाड्या मरत नाहीत, असे लोक अभिमानाने सांगत, आणि इंजिनापुरते ते खरेही होते. पण इंजिन बंद पडले तर माणूस चालत घरी येतो. म्हणून आयडाचे लक्ष दुसरीकडे असे. हँडलचा कोनसेट, शॉकअपमधून झिरपणारे तेल, न पेटणारा ब्रेकचा दिवा, आणि सर्वांत शेवटी मागचे चाक, त्यातल्या ब्रेकसकट. दरवर्षी निम्म्या गाड्या त्या चाकापाशी नापास होत. यंदा एकही झाली नव्हती. गेल्याच आठवड्यात तिने क्लबच्या सभेत उभे राहून गावाचे कौतुक केले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पण एकमेकांकडे कोणी पाहिले नव्हते. हे तिला आत्ता आठवले. बाकीच्यांनी चाक चिखलासकट आणले होते. क्लेम नीटनेटका माणूस, त्याने ते धुऊन आणले.

"हे चाक ब्रॉनीचं आहे," ती म्हणाली.

क्लेमने आढेवेढे घेतले नाहीत. गावात धड चाक एकच आहे, तो सांगू लागला. तपासणीच्या दिवशी ज्याला लागेल त्याने ते न्यावे आणि बदल्यात आपले जुने द्यावे, म्हणजे पोरीचीही गाडी अडून राहत नाही. ब्रॉनी स्वतःहून देते. मोठ्या मनाची आहे, अगदी आजीवर गेली आहे.

"आणि तू तरी केवढी बारकाईनं बघतेस, आयडा. मग आम्ही करायचं काय?"

"तुझं चाक कुठाय?"

"तिच्या गाडीला. काल संध्याकाळी बसवलं. पाना तिनंच धरला होता."

"ब्रेकला लायनर आहेत?"

"आहेत की. थोडे."

"टायर?"

"टायर म्हणशील तर माझ्या डोक्यासारखा." क्लेमने टोपी उचलून टक्कल दाखवले. "अगं, पोरगी जाते कुठं? दुकानापर्यंत आणि परत."

"आज गुरुवार आहे, क्लेम."

टोपी त्याच्या हातातच राहिली. गुरुवारी ब्रॉनी बेम्बोकाच्या बेकरीत कामाला जाई, आणि त्यासाठी साडेनऊला घरून निघून ब्राउन माउंटनचा घाट उतरे. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा वाजले होते. घाटातल्या सावलीच्या वळणांवरचा बर्फ अकराच्या आत कधी वितळत नसे.

आयडाने फोन लावला. वाजून वाजून तो बंद झाला. तिने पुन्हा लावला आणि, तो वाजत असतानाच, पाना उचलून क्लेमच्या गाडीच्या मागच्या चाकाचे नट सोडवायला घेतले. लहान गेअरमध्ये गाडी आपसूक आवरते, असे काहीसे क्लेम पुटपुटला. तिने मान वर न करता त्याला तोंड बंद ठेवायला सांगितले. तिसऱ्यांदाही कोणी फोन उचलला नाही. चेन उतरली, ब्रेकची दांडी सुटली, चाक तिच्या मांडीवर आले. तेवढ्यात फोन वाजला.

"आजी, अगं किती फोन! पोचले मी." मागे बेकरीतल्या पाव भाजायच्या पत्र्यांचा खडखडाट चालला होता, आणि ब्रॉनी हसत होती. "क्लेमकाकांचा ब्रेक नुसता नावाला आहे हं. शेवटची दोन वळणं पाय घासत उतरले, बुटाचा तळच गेला. ते जाऊ दे, त्यांचं झालं का पास? चाक तुझ्याकडेच ठेव. उद्या पाद्रीबाबांचा नंबर आहे."

आयडाने चाक मांडीवरून खाली उतरवले. मग गाडीची किल्ली बेकरीच्या मालकिणीकडे दे, मी येते आहे, एवढेच सांगून तिने फोन ठेवला.

तिने चाक आपल्या ट्रकच्या हौद्यात टाकले. परत आत येऊन फळीवरची तपासणीची वही उचलली. यंदाच्या सतरा गाड्या तिच्यात पास होत्या, आणि प्रत्येकीखाली आयडाची वळणदार सही होती. वही तिने शेजारच्या सीटवर ठेवली, पालथी.

"हे बघ, माझी चूक झाली, मान्य," क्लेम ट्रकच्या खिडकीशी येऊन म्हणाला. "पण माझी गाडी अशीच टाकून निघालीस?"

गाडी स्टँडवर उभी होती. मागच्या बाजूला चाकाची रिकामी जागा, आणि तिच्यातून जमिनीवर लोंबणारी गंजकी चेन.

"नीट बघून घे तिच्याकडे," आयडा म्हणाली. "यंदा माझ्यापुढं आपल्या खऱ्या रूपात उभी राहिलेली ही पहिलीच."