डावा कान

ओरेगॉनमधल्या लाकडाच्या कारखान्यात डावीकडून मागे सरकत येणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीचा भोंगा लोरेटाला ऐकूच आला नाही. कुणीतरी ओढलं म्हणून वाचली. मुकादम व्हर्ननने तिला केबिनमध्ये बोलावलं. युद्धातल्या स्फोटात डावा कान गेल्याचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगावं तर नोकरी जाईल, लपवावं तर कधीतरी जीव. "झोपली होतीस का गं?" व्हर्ननने विचारलं. तिने खिशातलं श्रवणयंत्र टेबलावर ठेवलं. "सैन्यात कान गेला. इथल्या गोंगाटात हे यंत्रही चालत नाही. फोर्कलिफ्टवर लुकलुकता दिवा लावा. कायद्याने हक्क आहे माझा." व्हर्नन खिडकीकडे वळून काहीतरी पुटपुटला. तिला ते ऐकू आलं नाही. "माझ्याकडे तोंड करून बोला." तो वळला. "दिवा लावतो म्हटलं. आधी का नाही बोललीस?" "भीती वाटत होती," ती म्हणाली. "अजूनही वाटते."