जंजिऱ्यावरचा भगवा
तालमीसमोर दिवाळीतला मातीचा जंजिरा पाण्यानं वेढून तयार होता आणि तो बांधणाऱ्या क्रांतीच्या हातात कागदी भगवा होता. “लाव की बुरुजावर, परीक्षक याय लागल्यात,” अध्यक्ष दादासो म्हणाले. “न्हाय, काका. जंजिरा आपल्याला कधी घावला न्हाय. आपल्या माणसांनी समुद्रात दगड टाकत बांध घालाय घेतला, पण मागनं मोगल कोकणात उतरलं, आपल्याला माघारी फिराय लागलं. सिद्दी किनारा लुटतच ऱ्हायला.” “भगव्याबिगर किल्ला? पेठेत तोंड कसं दाखवायचं?” गर्दी पुढं सरकली. मोबाईल वर झाले. क्रांतीनं गुडघे टेकून पाण्यातल्या खड्यांच्या अर्धवट बांधाच्या टोकाला झेंडा रोवला. “हितपातूर आपली माणसं गेलती.” दादासोंनी वाकून मूठभर खडे उचलले. आता किल्ला फुटणार म्हणून पोरं मागं सरली. दादासोंनी चपला काढल्या आणि एक खडा झेंड्यापुढं पाण्यात अलगद ठेवला.