तोंडपाठ माप

"पँट पायात येते गं, लांब झालीय," म्हणत वडील पुन्हा तिच्या शिलाईच्या दुकानात आले, तेव्हा ती मशीनवरची मान वर न करताच तडकली. "अहो बाबा, तुमचं माप मला तोंडपाठ आहे. शिवलेलं कापड काय रातोरात वाढतं? कमरेला नीट वर ओढून बसवत जा!" समोरची गिऱ्हाइकं हसली, तसे तेही ओशाळं हसले आणि पँट सावरत निघून गेले.

संध्याकाळी त्याच पँटीत पाय अडकून ते जिन्यात पडले. मुक्या मारावर निभावलं, पण तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. घरी तिने त्यांना भिंतीशी उभं केलं आणि तोंडपाठ आकड्यावर अंगठा ठेवून कमरेपासून टेप खाली सोडली. टेपचं टोक टाचेशी थांबलंच नाही, जमिनीवर लोळत राहिलं. आता मात्र तिला मान वर करवेना.

"तुझं माप चुकलेलं नाही, पोरी," वडीलच तिची समजूत काढत म्हणाले.

 

"तुझी आई होती, तेव्हा मी तेवढाच होतो."