हातभर उंची

दगडी गडग्यावर एक पाय टाकून नेव्हिल थांबला. पलीकडे थोरल्या भावाचं रान होतं. तिथे जिवंतपणी पाऊल ठेवणार नाही, असं त्याने आईच्या दफनाच्या दिवशी चर्चच्या दारात, अख्ख्या गावासमोर सांगितलं होतं. आणि आज सत्तरी उलटल्यावर, टोपी डोळ्यांवर ओढून, चोरासारखा तो तोच गडगा ओलांडत होता. कशासाठी, तर हातभर उंचीसाठी.

डार्बीशायरमधली लहानमोठी एकूण एक टेकडी नेव्हिलने पायाखाली घातली होती. माथा कुठे काटेरी झुडपात असे, कुठे कुणाच्या परसात, कुठे पाण्याच्या टाकीमागे. जिथे जमीन सगळ्यात उंच, तिथे बूट टेकला पाहिजे, मगच टेकडी झाली. हौसेला मोल नसतं. ही हॅडर लो तर त्याची पहिली टेकडी, बापाच्या शेतातली. वाटणीत तिचा माथा नेव्हिलकडे आला आणि उतार थोरल्या क्लिफर्डकडे. पुढे नेव्हिलने शहरात घर घेण्यासाठी माथा परक्याला विकला आणि भाऊबंदकी पेटली. "बापाचं डोकं विकलंस," क्लिफर्ड म्हणाला. त्यावर नेव्हिल जे बोलला, ते चर्चच्या दारात.

गेल्या महिन्यात विमानातून केलेल्या मोजणीचे नवे आकडे आले. हॅडर लोचा खरा माथा म्हणे गडग्याच्या पलीकडे, क्लिफर्डच्या रानात. जुन्यापेक्षा हातभर उंच. टेकड्या चढणाऱ्यांच्या क्लबात हशा पिकला.

"काय नेव्हिल, तुझा जिल्हा एका टेकडीने उणा की रे!" टेरेन्स म्हणाला.

टेरेन्स जुना वचपा काढत होता. एकदा तो मेंढपाळांनी रचलेल्या दगडांच्या राशीवर चढून फोटो काढून आला होता, तेव्हा नेव्हिलनेच त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "माणसाने रचलेला ढीग म्हणजे टेकडी नव्हे. जा परत." आता आपलीच टेकडी राहिली म्हटल्यावर नेव्हिलला अन्न गोड लागेना. शब्द मोडावा तर नाक कापलं जातं, न मोडावा तर जन्माची हौस अर्धवट राहते.

त्याने गडग्यावरून उडी टाकली. गुडघ्यातून कळ निघाली. मेंढ्या उधळल्या, खाली घराजवळ कुत्रं भुंकू लागलं आणि पाठोपाठ क्लिफर्डच्या चारचाकी बाईकचं इंजिन सुरू झालं.

समोरच गवताचा उंचवटा होता. तिथे बूट टेकवायचा आणि क्लिफर्ड वर यायच्या आत पळायचं, म्हणजे कुणाला कळायला नको. नेव्हिल काठी रोवत अर्धवट धावत सुटला. छाती भात्यासारखी चालली होती. इंजिनाचा आवाज चढणीला लागला. पडत धडपडत तो उंचवट्यावर पोचला आणि त्याने दोन्ही बूट टेकवले.

तोल सावरायला त्याने काठी रोवली, ती अर्धी आत गेली.

नेव्हिल चमकला. हॅडर लोवर वीतभर मातीखाली कातळ लागतो. लहानपणी कुंपणाचे खांब रोवताना दोघा भावांनी इथे दोन पहारी वाकवल्या होत्या. त्याने खाली वाकून गवताचं ढेकूळ उपटलं. आत वीट होती. विटेच्या एका अंगाला चुना होता. घरामागचा डुकरांचा गोठा! दर वसंतात दोघे भाऊ तो रंगवायचे आणि शेवटी एकमेकांनाच चुना फासायचे.

म्हणजे माथा हललाच नव्हता. हा ढीग होता, क्लिफर्डने रचलेला. नेव्हिलच्या मस्तकात तिडीक गेली. त्याला शब्द मोडायला लावून थेरडा आता वर हसत येत होता.

बाईक थांबली. क्लिफर्ड उतरला. पाठीत पार वाकला होता. हसत मात्र नव्हता.

"इथे पाय ठेवणार नव्हतास ना?"

"नव्हतो."

कुत्र्याने नेव्हिलचे बूट हुंगले आणि ते खाली बसलं.

"मग? हेच ना सगळ्यात उंच?" परीक्षेचा निकाल विचारावा तसं क्लिफर्डने विचारलं.

नेव्हिलने तोंड उघडलं. गोठ्याच्या विटांचा ढीग आहे हा, मोजणीत धरत नाहीत, एवढं म्हटलं की झालं. जिल्हा पुरा राहिला असता आणि ताठाही. मग गडगा ओलांडून कायमचं मोकळं व्हायचं.

तेवढ्यात क्लिफर्डने बाईकच्या टोपलीतून चहाचा थर्मास काढला आणि दोन मग काढले. एकाला आतून चहाचे तपकिरी डाग होते. दुसऱ्यात धूळ होती आणि कोळ्याचं जाळं. क्लिफर्डने फुंकर मारली आणि तो सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला.

"हा वापरात नसतो," तो पुटपुटला. "बरोबर असतो एवढंच."

नेव्हिलने मगाकडे पाहिलं, मग हातातल्या विटेकडे. या वाकलेल्या पाठीने अख्खा गोठा टेकडीवर चढवला होता. क्लबाचे नियम क्लिफर्डला कुठून ठाऊक असणार? त्याला एकच ठाऊक होतं. जिथे जमीन सगळ्यात उंच असते, तिथे आपला धाकटा भाऊ काय वाटेल ते झालं तरी येतो.

"काय रे, दातखीळ बसली? हेच ना?"

"हेच," नेव्हिल म्हणाला.

त्याने वीट होती तिथे ठेवली, वर गवताचं ढेकूळ बसवलं आणि बुटाने नीट दाबलं. आणि चहाचा मग घ्यायला हात पुढे केला.

"पण खालच्या अंगाला खचायला लागलंय," तो म्हणाला. "वसंतात भर घालू. माझ्यासाठीही एक फावडं आण."