फलकावरची शेवटची ओळ

"पहिला सेट गेला," जिमखान्याचा शिपाई बुद्धभूषण हॉलच्या दारातून म्हणाला. "सहा-एक. तुमची पोरगी पाय ओढत खेळतेय हो, पेंटर."

उत्तरेश्वर सोनेरी रंगाचा डबा ढवळत राहिला. जिमखान्याच्या वार्षिक टेनिस स्पर्धेतल्या विजेत्यांची नावं सागवानी फलकावर सोनेरी रंगात लिहायची, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. आज महिलांच्या अंतिम सामन्यात त्याचीच लेक होती, सृष्टी. समोर तनुजा, पाच वेळची विजेती. आज जिंकली की स्पर्धेचा नवा विक्रम. सेक्रेटरींनी सकाळीच विचारलं होतं, "यंदाही तेच नाव, पाठ झालं असेल ना?" पुण्यात धीर असाच देतात.

सृष्टी जिंकली तर वर्षभर जिमखान्याचे कोच तिला शिकवणार होते. हरली तर रॅकेट ठेवून द्यायची आणि सोमवारपासून हिंजवडीत नोकरी. तसं तिनेच ठरवलं होतं, आणि हे सांगताना ती हसली होती. ते हसू बापाला सहन झालं नव्हतं.

एक गोष्ट उत्तरेश्वरने कुणालाच सांगितली नव्हती. बारा वर्षांपूर्वी तापाच्या ग्लानीत त्याने सामना संपायच्या आधीच नाव लिहून टाकलं, तेही हरत असलेल्या मुलीचं. पुसायला टर्पेंटाइन शोधेपर्यंत ती जिंकलीसुद्धा. पुढच्या वर्षी त्याने मुद्दाम लिहून पाहिलं. पुन्हा तेच. तेव्हा तो असा घाबरला, की शेवटचा पॉइंट पडल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं आणि आजवर पाळलं.

बुद्धभूषण परत सामना बघायला गेला. हॉलमध्ये चिटपाखरूही नव्हतं. यंदा हॉलमधले सगळे फलक, एकसारखेच सागवानी, उतरवून पॉलिश केले होते आणि जुन्या नावांवर डाग पडू नयेत म्हणून वर्तमानपत्रं चिकटवली होती. खिडकीखाली टेकवलेल्या फलकावर तेवढी एक रिकामी ओळ उघडी होती.

"तनुजाताई, माफ करा," तो पुटपुटला आणि मांडी घालून बसला. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. आधी साल, पुढे सृष्टी उत्तरेश्वर गायके.

बाहेर गलका झाला. सृष्टीचा फटका त्याला नुसत्या आवाजावरून कळायचा, आणि आता तो कळत होता. दुसरा सेट तिने घेतला. तिसऱ्यात तनुजा तीन-शून्यने पुढे होती, पण तिथून तिला एकही गेम मिळाला नाही. उत्तरेश्वर ब्रश धुवायचंही विसरून ऐकत राहिला. त्याला लाज वाटत होती आणि आनंदही मावत नव्हता.

"गेम, सेट अँड मॅच, सृष्टी!" टाळ्यांनी खिडकीची तावदानं हादरली.

मग टाळ्या मध्येच थांबल्या. माइकवरून कुणीतरी घाईघाईने डॉक्टरांना कोर्टवर बोलावत होतं. तनुजाला भोवळ आली असणार, बिचारीला हार सोसली नाही, असं त्याला वाटलं. वाईटही वाटलं.

बुद्धभूषण धापा टाकत दारात आला. "पेंटर, आधी बाहेर चला."

"आलोच हो. पोरीचं नाव विजेत्यांच्या रांगेत एकदा बघू तर द्या," म्हणत उत्तरेश्वरने वर्तमानपत्र ओढून काढलं.

वरच्या नावांत तनुजा कुठेच नव्हती. सगळ्यात वर, त्याच्याच जुन्या वळणात, लिहिलं होतं: 'जिमखान्याच्या दिवंगत खेळाडूंच्या स्मृतीस'.