वरच्या गल्लीचं पाणी

“मोबाईलवर दाखवतंय ना, पाणी सुटलंय म्हणून! मग मी काय खोटं बोलतोय?” पाणी सोडणारा कंपनीचा माणूस ओरडला.

“मग तुझ्या मोबाईलखालीच हंडा लावते की!” गोदाक्का म्हणाली. बायका हसल्या, पण चार दिवस झाले, वरच्या गल्लीचे नळ कोरडेच होते.

हणमाण्णा भिंतीला टेकून ऐकत होता. बावीस वर्षं पाणी सोडायचे हे व्हॉल्व त्यानंच फिरवले होते. पाणी कंपनीकडे गेलं आणि पालिकेनं त्याला बागेत राखणीला बसवला.

“अण्णा, तुमच्या वेळी बरं होतं बघा,” गोदाक्का त्याला म्हणाली.

“माझ्या वेळी तू माझ्या अंगावर चप्पल फेकलीस, अक्का.”

तो कंटाळूनच पुढं झाला. “दोन्हीकडं एकदम सोडतोस, मग चढावर पाणी जाईल कसं?” कंपनीवाल्याच्या हातातली व्हॉल्व फिरवायची लांब लोखंडी चावी घेऊन तो व्हॉल्वच्या खड्ड्यावर वाकला. खालच्या गल्लीचा व्हॉल्व त्यानं आवळला, वरचा सोडला आणि चावीच्या दांड्याला कान लावला. पाणी चढत होतं.

“आलं गं, आलं!” वरून हाक आली तशा बायका हंडे घेऊन पळाल्या. मागं वळून कुणी बघितलं नाही.

“अण्णा, उद्या पण या की,” कंपनीवाला हळूच म्हणाला.

“पालिका असू दे नाहीतर तुझी कंपनी, पाणी तेवढंच आहे बाबा. एकाचं तोडल्याबिगर दुसऱ्याला मिळत नाही. आता मला जाऊ दे. खालच्या गल्लीत राहतो मी, आणि बायकोनं नुकताच नळाखाली हंडा लावला असणार. निघतो.”